घर विकून कॅनडाला जावे का? जाणे आणि विकणे हे निर्णय वेगळे ठेवा

प्रश्न: माझे वय ४३, पत्नीचे ४१ आणि मुलगी १३ वर्षांची आहे. मी स्थापत्य अभियंता असून पत्नी शाळेत शिक्षिका आहे. आम्हा तिघांना कॅनडाचा पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) मिळाला आहे आणि येत्या ऑगस्टमध्ये निघण्याचा विचार आहे. वडिलांनी २०१२ मध्ये ६० लाख रुपयांना घेतलेला फ्लॅट २०१९ मध्ये त्यांच्या निधनानंतर माझ्या नावावर झाला, कारण सोसायटीत नॉमिनी म्हणून माझे नाव होते. मृत्युपत्र नव्हते. आता त्या फ्लॅटला १ कोटी ७० लाख रुपयांचे गिऱ्हाईक आले आहे आणि त्यांना महिनाभरात व्यवहार पुरा करायचा आहे. कर भरून हाती राहणाऱ्या १ कोटी ५५ लाखांत तिकडे घर घ्यावे, असा बेत आहे. शिवाय भविष्य निर्वाह निधीत ३६ लाख, म्युच्युअल फंडांत २८ लाख आणि मुदत ठेवींत १४ लाख आहेत. कर्ज नाही. आई ७२ वर्षांची आहे, आमच्याजवळ राहते. तिला आम्ही नंतर बोलावून घेऊ. विवाहित बहिणीने ‘मला काही नको’ असे सांगितले आहे. निघण्याआधी विकले तर कर कमी लागेल आणि रुपया दर वर्षी घसरत असल्याने पैसे लवकर डॉलरमध्ये न्यावेत, असाही विचार आहे. परतीचे दोर कापल्याशिवाय माणूस परक्या देशात रुजत नाही, असे मला वाटते. आमचा निर्णय योग्य आहे का?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

तुम्ही जावे, असेच मी म्हणेन. तिघांनाही पीआर मिळाला आहे, दोघेही कमावण्याच्या वयात आहात, डोक्यावर कर्ज नाही आणि मुलगी नव्या शाळेत रुळू शकेल अशा वयाची आहे. परंतु घर मात्र आता विकू नये, निदान पहिली दोन वर्षे तरी विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही जाणे आणि विकणे यांना एकच निर्णय मानले आहे. वास्तविक जाण्याचा निर्णय काही काळ तरी मागे घेता येण्यासारखा आहे. पाच वर्षांतील ७३० दिवस कॅनडात राहिलात तरी पीआरची अट पूर्ण होते, म्हणजे त्या देशाने तुम्हाला ये-जा करण्याची आणि पुनर्विचाराची मुभा कायद्यानेच दिली आहे. विकलेले घर मात्र त्याच भावात परत मिळत नाही. जी मुभा कॅनडा तुम्हाला देतो आहे, ती तुम्ही स्वतःहून नाकारू नये, एवढाच माझ्या सांगण्याचा गाभा आहे. पुढे त्याची कारणे आणि हिशेब मांडतो.

सर्वांत आधी मालकीचा प्रश्न घ्यावा लागेल, कारण तुमचा सगळा हिशेब तिथेच चुकला आहे. सोसायटीच्या भागप्रमाणपत्रावर तुमचे नाव लागले म्हणून घर तुमच्या एकट्याचे झाले, असा तुमचा समज दिसतो आणि तो फार सर्वत्र आढळणारा समज आहे. नॉमिनी हा सोसायटीशी व्यवहार करण्यासाठी नेमलेला माणूस असतो. तो वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळतो, तिचा मालक होत नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार त्यांची पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना समान हिस्सा मिळतो. तुमच्या आजी वडिलांच्या आधीच गेल्या असतील असे मी गृहीत धरतो, नाहीतर त्याही वारस ठरल्या असत्या. म्हणजे आज या घरात आईचा एक तृतीयांश, बहिणीचा एक तृतीयांश आणि तुमचा एक तृतीयांश हिस्सा आहे. १ कोटी ७० लाखांपैकी तुमचे सुमारे ५६ लाख ६७ हजार होतात. त्यावरचा कर वजा केला, तर साधारण ५२ लाख उरतात. कॅनेडियन डॉलर ६५ रुपयांचा धरला, तर हे ८० हजार डॉलर होतात. तुम्ही मात्र १ कोटी ५५ लाख, म्हणजे दोन लाख अडतीस हजार डॉलर धरलेले आहेत आणि तिकडच्या घराचा सगळा बेत त्यावर उभा आहे.

बहिणीने नको म्हटले आहे, हे खरे. पण तोंडी नकाराने हक्क सुटत नाही, त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. जाणता खरेदीदार आणि त्याला कर्ज देणारी बँक, दोघेही ते मागतील, किंवा तिची सही मागतील. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे की तिच्याशी पुन्हा एकदा, आकडे समोर ठेवून बोला. ‘काही नको’ हे शब्द बहुधा घर जागेवर असताना, आई त्यात राहत असताना, भाऊ जवळ असताना उच्चारलेले असतात. भाऊ परदेशी जाऊन आईची जबाबदारी जवळजवळ पूर्णपणे तिच्याकडे येणार असेल, तर तिने आपले ५६ लाख सोडून द्यावेत, अशी अपेक्षा धरणे मला न्याय्य वाटत नाही. आणि तरीही तिला हक्क सोडायचाच असेल, तर तो तुमच्या नावे नव्हे, आईच्या नावे सोडावा. त्यामुळे घराचा मोठा हिस्सा ज्या व्यक्तीला त्या छपराची सर्वाधिक गरज आहे तिच्याकडे जाईल. आईकडून हक्कसोडपत्र घेण्याचा विचार मात्र मनातूनही काढून टाका. वय ७२ असताना स्वतःच्या नावावर काही असणे आणि नसणे यात जो फरक पडतो, तो आर्थिक नियोजनाच्या कामात मी फार जवळून पाहत आलो आहे.

‘आईला नंतर बोलावून घेऊ’ या वाक्याचा अर्थ नियमांच्या भाषेत काय होतो, तेही पाहा. आईवडिलांना कायमस्वरूपी आणण्याच्या कॅनडाच्या योजनेत इच्छुकांची नोंदणी २०२० मध्ये झाली आणि त्यानंतरची काही वर्षे त्याच यादीतून निमंत्रणे काढली गेली, म्हणजे तो मार्ग तुमच्यासाठी आज धरून चालण्यासारखा नाही. दुसरा मार्ग सुपर व्हिसाचा आहे. त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, पण त्यासाठी बोलावणाऱ्या मुलाचे तिथले उत्पन्न ठरावीक किमान पातळीच्या वर असावे लागते आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलर संरक्षणाचा, एक वर्ष मुदतीचा आरोग्य विमा काढावा लागतो. नुकत्याच पोहोचलेल्या आणि अजून नोकरी नसलेल्या कुटुंबाला उत्पन्नाची अट पूर्ण करता येत नाही; ती पूर्ण व्हायला बहुतेकांना वर्ष-दीड वर्ष तरी लागते. शिवाय सुपर व्हिसावर आलेल्या व्यक्तीला प्रांताची सार्वजनिक आरोग्यसेवा मिळत नाही आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा, त्यातही आधीचे आजार असतील तर, विमा चांगलाच महाग पडतो. साध्या पर्यटक व्हिसावर आई येऊ शकतील, पण तिथला मुक्काम बहुधा सहा महिन्यांचा असतो. त्याला घर म्हणता येत नाही. तेव्हा ऑगस्टमध्ये तुम्ही निघाल्यापासून पुढची निदान दोन वर्षे आई कुठे राहणार, या प्रश्नाला तुमच्या पत्रात उत्तर नाही. घर विकले गेले तर आई भाड्याच्या घरात किंवा तुमच्या बहिणीच्या घरी राहतील, आणि दोन्ही गोष्टी त्यांना विचारल्याशिवाय ठरवता येणार नाहीत. त्यांचे मत काय आहे, हे पत्रात कुठेच आलेले नाही, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली.

आता कराकडे वळू, कारण ‘निघण्याआधी विकले तर कर कमी लागेल’ हे तुमच्या घाईमागचे एक मोठे कारण दिसते. या म्हणण्यात तथ्य आहे, पण तुमच्या बाबतीत ते लागू पडण्याची शक्यता कमी आहे. २३ जुलै २०२४ पासून घरावरच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ न देता साडेबारा टक्के कर लागतो. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी भारतीयाला जुन्या पद्धतीने, म्हणजे निर्देशांकाचा लाभ घेऊन वीस टक्क्यांनी कर काढून पाहण्याची आणि जो कमी असेल तो भरण्याची मुभा आहे. अनिवासी भारतीयाला ही मुभा नाही. तुमच्या घराचा हिशेब असा होतो: निर्देशांक २०१२-१३ साठी २०० होता आणि २०२५-२६ साठी ३७६ आहे, म्हणून ६० लाखांची खरेदी किंमत १ कोटी १२ लाख ८० हजार धरता येते, वारसाने मिळालेल्या मालमत्तेत आधीच्या मालकाने खरेदी केली त्या वर्षापासूनचा निर्देशांक धरावा, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०११ चा निर्णय आहे. त्यामुळे नफा ५७ लाख २० हजार आणि वीस टक्क्यांनी कर ११ लाख ४४ हजार येतो. निर्देशांकाशिवाय नफा १ कोटी १० लाख आणि साडेबारा टक्क्यांनी कर १३ लाख ७५ हजार येतो. उपकर आणि अधिभार दोन्ही हिशेबांत याखेरीज. संपूर्ण घरावर फरक २ लाख ३१ हजारांचा आहे आणि तुमच्या एक तृतीयांश हिश्श्यापुरता तो ७७ हजारांचा आहे. आई आणि बहीण भारतातच राहणार असल्याने त्यांच्या हिश्श्यांवर तुमच्या जाण्याचा काहीच परिणाम होत नाही.

आणि हे ७७ हजार तरी आज विकून वाचतील का? निवासी की अनिवासी हे विक्रीच्या दिवशी तुम्ही कुठे होता यावरून ठरत नाही, त्या संपूर्ण आर्थिक वर्षात भारतात किती दिवस राहिलात यावरून ठरते. नोकरी-व्यवसायासाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षी १८२ दिवसांचा निकष लागतो. एक एप्रिलपासून मोजले तर १८२ दिवस २९ सप्टेंबरला पूर्ण होतात. तुम्ही मे महिन्यात घर विकले आणि ऑगस्टमध्ये निघालात, तर त्या वर्षासाठी तुम्ही अनिवासी ठरण्याची दाट शक्यता आहे आणि मे महिन्यातली विक्रीही अनिवासी व्यक्तीची विक्री ठरेल. म्हणजे ज्या लाभासाठी घाई चालली आहे, तो लाभच हाती येणार नाही. उलट खरेदीदाराने तुम्हाला निवासी समजून एकच टक्का कर कापला असेल, तर पुढे त्यालाही त्रास होईल. निघण्याची तारीख ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलणे हा त्यावर उपाय आहे, पण ७७ हजारांसाठी मुलीच्या शाळेचे वर्ष मधूनच सुरू करावे, असे मी सुचवणार नाही, कारण तिकडच्या शाळा सप्टेंबरमध्ये उघडतात.

दोन वर्षांनी अनिवासी म्हणून विकताना एक खरी अडचण येईल, ती उगमस्थानी होणाऱ्या करकपातीची. निवासी विक्रेत्याच्या बाबतीत खरेदीदार एक टक्का कापतो. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत साडेबारा टक्के, अधिक अधिभार आणि उपकर कापतो, आणि व्यवहारात ही कपात नफ्यावर नव्हे तर विक्रीच्या पूर्ण रकमेवर होते. तुमच्या ५६ लाख ६७ हजारांवर सात लाखांहून अधिक रक्कम कापली जाईल, जेव्हा प्रत्यक्ष देय कर साडेचार लाखांच्या थोडा वर आहे. जास्तीचा कर विवरणपत्र भरून परत मिळतो, किंवा आधीच आयकर अधिकाऱ्याकडून कमी दराने कपात करण्याचे प्रमाणपत्र घेता येते. त्याला काही आठवडे जातात, म्हणून विक्री ठरताच अर्ज करावा लागतो. हा कागदोपत्री त्रास आहे, नुकसान नव्हे. हवे तर नफ्याची रक्कम सहा महिन्यांत विशिष्ट सरकारी कंपन्यांच्या भांडवली नफा रोख्यांत, ५० लाखांच्या मर्यादेत, पाच वर्षांसाठी गुंतवून तुमच्या हिश्श्यावरचा कर पूर्ण वाचवता येतो. अनिवासी व्यक्तीलाही ही सोय आहे. एका गोष्टीची मात्र नोंद घ्या: घर विकून दुसरे घर घेतल्यास मिळणारी करसवलत २०१४ च्या दुरुस्तीपासून फक्त भारतातल्या घरासाठी आहे. कॅनडात घर घेऊन इथला भांडवली नफ्याचा कर वाचेल, असे तुम्हाला कोणी सांगितले असेल, तर ते चुकीचे आहे. आई मात्र आपल्या हिश्श्याच्या नफ्यातून इथेच लहान घर घेऊन ती सवलत पूर्णपणे घेऊ शकतील.

कॅनडाच्या बाजूनेही थांबण्याची शिक्षा होत नाही. तुम्ही तिथले कर-रहिवासी व्हाल त्या दिवशी तुमच्या भारतातील मालमत्तेचा जो बाजारभाव असेल, तीच तिची खरेदी किंमत, असे तिथला कायदा मानतो. म्हणून २०१२ पासून आजवर झालेल्या वाढीवर कॅनडा कर मागत नाही. तिथे पोहोचल्यानंतरच्या वाढीपुरता प्रश्न येतो आणि त्यावर भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते. यासाठी निघण्याच्या सुमारास मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून घराचे मूल्यांकन करून अहवाल जवळ ठेवा. त्याचा खर्च किरकोळ आहे, आणि नंतर तोच कागद शोधताना लोकांची फार ओढाताण होते.

रुपया दर वर्षी घसरतो, म्हणून पैसे लवकर डॉलरमध्ये न्यावेत, असेही तुम्ही मांडले आहे. हे अमेरिकी डॉलरबद्दल बोलताना बऱ्याच अंशी खरे आहे. २०१४ मध्ये तो सरासरी ६१ रुपयांच्या आसपास होता, २०२४ मध्ये ८४ च्या जवळ गेला. कॅनेडियन डॉलर मात्र त्याच दहा वर्षांत साधारण ५५ वरून ६१ च्या आसपास आला, म्हणजे वर्षाला जेमतेम एक टक्का. २०१४-१५ मध्ये तेलाचे भाव कोसळले तेव्हा कॅनेडियन डॉलर स्वतःच अमेरिकी डॉलरपुढे घसरला होता. या वेगाने घसरणाऱ्या रुपयाच्या भीतीपोटी राहते घर मोडावे, एवढे बळ त्या कारणात नाही.

तुमच्या मनातला खरा प्रश्न वेगळा असावा, असे मला वाटते: घर न विकता तिकडे निभाव लागेल का? तोच हिशेब सविस्तर पाहू. तिघांच्या कुटुंबाचा भाड्याच्या घरासह महिन्याचा खर्च साडेपाच हजार कॅनेडियन डॉलर धरला, तर वर्षाला सुमारे ४३ लाख रुपये होतात. प्रांत आणि शहर यांनुसार हा आकडा खाली-वर होईल. विमानप्रवास, घराची अनामत, थंडीचे कपडे, जुजबी सामान आणि जुनी गाडी यांना आणखी आठ लाख धरा. अशा रीतीने वर्षभर कोणालाही एक डॉलरही मिळाला नाही, तरी ५१ लाखांत वर्ष निघते. सहा महिन्यांनंतर तुमच्यापैकी एकाच्या कमाईतून निम्मा खर्च भागू लागला, तर हीच गरज ४० लाखांवर येते. तुमच्याकडे घर सोडून ७८ लाख आहेत. त्यातले १२ लाख मुदत ठेवीत आईच्या आणि बहिणीच्या संयुक्त नावाने, केवळ आजारपणासाठी बाजूला ठेवा. तरीही ६६ लाख उरतात. घर न विकता, अगदी वाईट वर्ष गृहीत धरूनही, तुमच्याजवळ पंधरा लाख शिल्लक राहतात.

वाईट वर्ष मी मुद्दाम धरले आहे. तुमचे दोघांचेही व्यवसाय कॅनडात परवान्याचे आहेत. अभियंता म्हणून स्वतःच्या सहीने काम करायचे तर प्रांताच्या नियामक मंडळाची नोंदणी लागते, आणि शिक्षिकेला सार्वजनिक शाळेत शिकवण्यासाठी प्रांताचे प्रमाणपत्र लागते. ओंटारियोच्या अभियंता मंडळाने २०२३ मध्ये कॅनडातील अनुभवाची अट काढून टाकली, हे तुमच्या फायद्याचे आहे. तरीही पदव्यांची तपासणी, परीक्षा आणि अर्ज यांत महिने जातात. या काळात खालच्या पदाची नोकरी धरावी लागली, तर ती निःसंकोच धरा. कागदपत्रांची तपासणी मात्र इथूनच, आजच सुरू करा, विशेषतः पत्नीच्या शैक्षणिक प्रमाणपत्रांची, कारण विद्यापीठांकडून गुणपत्रकांचे उतारे थेट पाठवून घ्यायला वेळ लागतो आणि परदेशातून ते काम दुप्पट अवघड होते. पीआरच्या अर्जासाठी तुम्ही जी किमान रक्कम दाखवली असेल, तिच्यावर विसंबू नका. २०२५ मध्ये तिघांच्या कुटुंबासाठी ती २३,३६० डॉलर होती, आणि वरच्या खर्चाने ती चार महिन्यांत संपते. आरोग्यविम्याचेही पाहा: ब्रिटिश कोलंबियात सार्वजनिक विमा लागू व्हायला पोहोचल्याचा महिना आणि पुढचे दोन महिने थांबावे लागते, तेवढ्या काळासाठी खासगी विमा इथूनच घेऊन जा.

आणि तिकडचे घर? ते पहिल्या वर्षी घेता येईल, असे मला वाटत नाही, तुमच्याकडे पैसे असले तरी. नोकरी कोणत्या शहरात लागणार हे माहीत नसताना घर घेणे म्हणजे नोकरीला त्या शहरापुरते बांधून घेणे होय. नोकरी लागल्यावर, पगाराच्या काही पावत्या आणि पतइतिहास जमल्यावर, डाउन पेमेंटची किमान गरज तुम्ही समजता त्यापेक्षा कमी असते: पहिल्या पाच लाख डॉलरवर पाच टक्के आणि त्यापुढे पंधरा लाखांपर्यंत दहा टक्के. सात लाख डॉलरच्या घराला ४५ हजार डॉलर, म्हणजे सुमारे २९ लाख रुपये लागतात. वीस टक्क्यांपेक्षा कमी भरल्यास कर्जाच्या विम्याचा खर्च वर येतो, तो हिशेबात धरा. तिकडे व्याजदर बहुधा पाच वर्षांसाठीच ठरलेला असतो आणि मुदत संपली की नव्या दराने कर्ज पुढे चालवावे लागते. मार्च २०२२ च्या सुरुवातीला बँक ऑफ कॅनडाचा, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, धोरणदर पाव टक्का होता. जुलै २०२३ मध्ये तो पाच टक्क्यांवर गेला. २०२२ च्या सुरुवातीला घरांचे भाव शिखरावर होते, नंतर ते उतरले. त्या महिन्यांत इथली पुंजी मोडून तिथे मोठे घर घेतलेल्यांना भाव आणि हप्ता या दोन्ही बाजूंनी सोसावे लागले. भाड्याने राहून शहर ओळखण्याचे एक वर्ष हा वाया गेलेला पैसा नाही.

इथले घर चांगली गुंतवणूक आहे म्हणून ठेवा, असे मी म्हणत नाही. शहरांतल्या निवासी घरांचे भाडे किमतीच्या साधारण दोन ते तीन टक्केच येते आणि तुमच्या घरात तर आई राहणार असल्याने तेही येणार नाही. शुद्ध गुंतवणूक म्हणून पाहिले, तर हे घर कधीतरी विकणेच योग्य ठरेल. सध्या ते ठेवायचे ते आईचे छप्पर म्हणून, आणि बेत फसला तर परतण्याची जागा म्हणून. या दोन गोष्टींची किंमत काय, तर करातला फार तर ७७ हजारांचा फरक, थोडा कागदी त्रास आणि दोन वर्षे अडकून राहिलेले तुमच्या हिश्श्याचे ५२ लाख, ज्यांची तुम्हाला या दोन वर्षांत गरजच नाही. ही किंमत मला अत्यंत वाजवी वाटते.

परतीचे दोर कापण्याबद्दल तुम्ही लिहिले आहे, त्यामागची जिद्द मला समजते आणि तिच्याबद्दल आदरही वाटतो. पण हे दोर तुम्ही एकट्याने कापत नाही. ते आईचेही आहेत, बहिणीचेही आहेत आणि ज्या मुलीला कोणी विचारलेले नाही तिचेही आहेत. नव्या देशात रुजण्यासाठी लागणारी जिद्द नोकरीच्या अर्जांत, परवान्याच्या परीक्षांत आणि पहिल्या हिवाळ्यात खर्ची पडू द्या. ज्या माणसाला मागची चिंता नाही, तो पहिली मिळेल ती वाईट नोकरी भीतीपोटी धरून बसत नाही. त्याला चार महिने थांबून योग्य नोकरी शोधता येते. घर मागे असणे हे म्हणून तुमच्या रुजण्याच्या आड येणार नाही, उपयोगीच पडेल.

उरलेले मुद्दे थोडक्यात सांगतो. परदेशी स्थायिक होताना भविष्य निर्वाह निधी पूर्ण काढता येतो, पण तो खर्चाच्या क्रमात शेवटी ठेवा; आधी मुदत ठेवी, मग म्युच्युअल फंड. निघण्यापूर्वी पैसे पाठवताना पती आणि पत्नी दोघांच्याही नावाने, एका आर्थिक वर्षात प्रत्येकी दहा लाखांच्या आत पाठवले, तर उगमस्थानी कर गोळा केला जात नाही. त्यावरच्या रकमेवर अशा कारणासाठी वीस टक्के गोळा होतात, जे नंतर करात वळते होतात खरे, पण तोवर ऐन गरजेच्या वेळी अडकतात. निघाल्यानंतर बँक खाती अनिवासी खात्यांत बदलून घ्या. त्या खात्यातून वर्षाला दहा लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते आणि त्यात पुढे घरविक्रीचे पैसेही येतात. निवृत्तीचा विचार करताना हे ध्यानात असू द्या की कॅनडाचे वृद्धापकाळ वेतन पूर्ण मिळण्यासाठी अठराव्या वर्षानंतर चाळीस वर्षांचे वास्तव्य लागते. तुम्हाला ६५ व्या वर्षी बावीसच वर्षे भरतील, म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक मिळेल. तुमच्या घराच्या हिश्श्याचे पैसे जेव्हा केव्हा येतील, तेव्हा ते तिकडच्या स्वयंपाकघराच्या नूतनीकरणात नव्हे, या तुटीसाठी वापरावेत.

आता लगेच करायचे काम असे. गिऱ्हाइकाकडून टोकनची रक्कम घेतली नसेल तर घेऊ नका, आणि घेतली असेल तर वारसांची संमती नसल्याचे सांगून ती लेखी पोच घेऊन परत करा. तिन्ही वारसांची नावे सोसायटीच्या नोंदीत लावून घ्या. आईने आपल्या हिश्श्याचे मृत्युपत्र करावे, आणि ते त्यांच्या इच्छेप्रमाणे, तुम्हा भावंडांच्या सोयीप्रमाणे नव्हे. बहिणीच्या नावे तुमच्या हिश्श्यापुरते, देखभालीचे आणि सोसायटीच्या कामांचे, नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र द्या. विक्रीचे अधिकार त्यात सध्या घालू नका. घराचा देखभाल खर्च आणि मालमत्ता कर तुम्ही भरत राहा, कारण घर तुमच्यासाठीही राखले जात आहे. दोन वर्षांनी, म्हणजे दोघांपैकी निदान एकाला आपल्या व्यवसायातली स्थिर नोकरी लागलेली असेल, आई एकदा तिकडे राहून आलेल्या असतील आणि त्यांना कुठे राहायला आवडते हे त्यांनी स्वतः सांगितलेले असेल, तेव्हा विक्रीचा विषय पुन्हा काढा. त्या वेळी आईने इथेच राहायचे ठरवले, तर घर विकून त्यांच्या हिश्श्यातून तुमच्या बहिणीच्या घराजवळ लहान घर त्यांच्याच नावावर घ्यावे, बहिणीला तिचा हिस्सा द्यावा आणि तुमचा हिस्सा तुम्ही न्यावा. यातल्या अटी पुऱ्या झाल्या नसतील, तर आणखी एक वर्ष थांबा.